मुखपृष्ठावर गोड दिसणारा गुबगुबीत फॉन्ट आतल्या पानांवर गिचमिड का होतो?

प्रश्न थोडक्यात असा : मुलांच्या गोष्टींचे पुस्तक तयार होत आहे. मुखपृष्ठासाठी एक जाडजूड, गोलमटोल देवनागरी डिस्प्ले फॉन्ट निवडला आणि तो सगळ्यांना आवडला. म्हणून तोच गोष्टींच्या नावांना लावला, मग चित्रांखालच्या ओळींना आणि शेवटी मजकुरालाही. आता पाने काळवंडलेली दिसतात आणि शब्द पटकन लागत नाहीत. फॉन्ट बदलावा की आकार वाढवावा?

मुखपृष्ठाचा फॉन्ट बदलू नका. आकार वाढवूनही फारसे साधणार नाही, कारण पुस्तकाची पाने वाढतील आणि गिचमिड तशीच राहील. एकाच फॉन्टकडून चार वेगवेगळी कामे मागितली गेली, त्यातली दोन त्याची नव्हती, अडचण एवढीच आहे. डिस्प्ले फॉन्ट घडवतानाच गृहीत धरलेले असते की तो मोठ्या आकारात, चार-सहा शब्दांपुरता येईल. मजकुराच्या फॉन्टमध्ये अक्षर नजरेआड राहून अर्थ पुढे यावा यासाठी सगळी धडपड असते. डिस्प्ले फॉन्टमध्ये अक्षराने आधी स्वतःकडे बघायला लावायचे असते. एका शब्दात हे लोभस वाटते. पानभर प्रत्येक अक्षर लक्ष मागू लागले की वाचणारा दमतो. नुकते वाचायला शिकलेले मूल तर अक्षर ओळखण्यातच अडकते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. वाचक चार वर्षांचा आहे की दहा, कागद गुळगुळीत आहे की खरखरीत, छपाई ऑफसेट आहे की डिजिटल, आणि फॉन्ट किती जाड आहे, यांवर खाली दिलेले आकडे थोडे इकडेतिकडे होतील. कारणे मात्र तीच राहतील, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

अक्षराला खेळकरपणा येतो कुठून, हे आधी पाहू. देवनागरीत त्याच्या तीन-चार जागा आहेत. पहिली म्हणजे रेषेची जाडी आणि तिची गोल टोके. 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' हे याचे टोकाचे उदाहरण. त्यात रेषा इतक्या फुगवल्या आहेत की अक्षराच्या पोटातली जागा बारीक फटींपुरतीच उरते. त्यांचाच 'बालू' जाड आणि गोल आहे, पण पोटात श्वास घ्यायला जागा ठेवतो. दुसरी जागा हाताची लय. इंडियन टाइप फाउंड्रीचे 'कलम' आणि 'तिल्लाना' लिहिल्यासारखे वाटतात, 'रंगा' हाताने रंगवलेल्या अक्षरासारखा. तिसरी जागा म्हणजे लेखणीचा किंवा ब्रशचा कोन. 'यात्रा वन'मधली रंगवलेल्या पाट्यांची ढब आणि 'जैनी'मधले जैन हस्तलिखितांचे वळण इथे मोडते. त्यातला नक्षीदारपणा खेळकर आहेच, पण प्रौढ आहे. चौथी जागा शिरोरेषा : ती जाड आहे की बारीक, सरळ आहे की डुलती, अखंड आहे की तुटक. तुमच्या फॉन्टची गंमत यांपैकी नेमकी कशात आहे ते ओळखा, कारण वापरताना जपायची तीच गोष्ट असते.

तुमच्या फॉन्टची गंमत जाडीत आहे, म्हणजे ती फटींवर उभी आहे. फटीचे गणित सोपे आहे. फॉन्टचे अक्षर साधारणपणे १००० एककांच्या चौकटीत आखलेले असते. समजा पोटातली फट १५ एकके रुंद आहे. २४ पॉइंटला ती ०.३६ पॉइंट, म्हणजे जेमतेम ०.१३ मिलिमीटर होते. खरखरीत कागदावर शाई थोडी पसरली की ती बुजलीच. ७२ पॉइंटला तीच फट १.०८ पॉइंट, म्हणजे ०.३८ मिलिमीटर होते आणि स्वच्छ छापली जाते. स्क्रीनवर पाहिले तर १६ पिक्सेलला ही फट पाव पिक्सेलही भरत नाही, म्हणून तिथे फटीऐवजी राखाडी डाग दिसतो. साध्या स्क्रीनवर पूर्ण १ पिक्सेल मिळायला अक्षर सुमारे ६७ पिक्सेलचे लागते. म्हणून मोदकासारखा फॉन्ट छापील कामात मी ४८ पॉइंटच्या खाली नेत नाही. बालूसारखा फॉन्ट १६–१८ पॉइंटच्या उपशीर्षकांपर्यंत आरामात उतरतो.

फट बुजली की नुसते सौंदर्य जात नाही, अक्षरच बदलते. देवनागरीत काही अक्षरांतला फरक एखाद्या छोट्या रेषेचा किंवा गाठीचा आहे. 'ब'च्या पोटातली तिरकी रेषा भरून गेली की तो 'व' वाटतो, 'ष'चे तसेच होऊन तो 'प' वाटतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' या जोड्या शिरोरेषेतल्या खंडावर किंवा सुरुवातीच्या गाठीवर वेगळ्या राहतात; रेषा फुगल्या की त्या जवळ सरकतात. मोठे माणूस वाक्याच्या ओघात चूक सावरून घेते. पाच वर्षांच्या मुलाला 'भाऊ' आणि 'माऊ' यांत फरक दिसला नाही, तर गोष्टच बदलते. मजकुरासाठी हा फॉन्ट नको म्हणण्याचे माझे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

म्हणून कुठलाही खेळकर फॉन्ट नक्की करण्याआधी त्याला तुमच्याच पुस्तकातले अवघड शब्द वाचायला लावा. फॉन्टच्या जाहिरातीतला नमुना नेहमी सोप्या, गोल अक्षरांचा असतो. तुम्ही एका पानावर हे लावा : भाऊ, माऊ, बारा, वारा, घन, धन, पोषण, खवा, रवा, थवा, बाळ, पर्यंत, सर्वांना, मूर्ती, राष्ट्र, चिठ्ठी, कृष्ण, हृदय, शृंखला, उद्ध्वस्त, ज्ञान, वाऱ्या, तऱ्हा, ॲप, ऑक्टोबर. शिवाय ० ते ९ अंक, स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह आणि दोन्ही प्रकारची अवतरणचिन्हे. वापरणार आहात त्याच आकारात, त्याच कागदावर छापा आणि हातभर अंतरावरून वाचा.

त्या पानावर काय शोधायचे? 'पर्यंत'मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात का, 'सर्वांना'मध्ये रफार, काना आणि अनुस्वार सुटे दिसतात का, हे पाहा. 'वाऱ्या', 'तऱ्हा' यांतला ऱ नीट येतो का, की नुसता पाय मोडलेला र दिसतो? काही देवनागरी फॉन्ट आखताना मराठीची ही गरज लक्षात घेतलेली नसते. 'ॲ' नसेल तर सॉफ्टवेअर तेवढे एक अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उसने आणते, विंडोजवर बहुधा 'निर्मला यूआय' किंवा 'मंगल'मधून. मग गुबगुबीत शब्दात एकच अक्षर किडकिडीत दिसते. 'ल' आणि 'श' यांचे मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळे आहे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमून दिल्याशिवाय मराठी वळण उमटत नाही. वेबपानावर हेच काम भाषेचा 'एमआर' हा संकेत करतो. जोडाक्षरे सुटी पडत असतील तर फॉन्टला दोष देण्याआधी सॉफ्टवेअर तपासा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा लागतो. इलस्ट्रेटरमध्ये आधी पसंतीच्या (प्रेफरन्सेस) खिडकीत भारतीय लिप्यांचे पर्याय सुरू करावे लागतात.

फॉन्ट गोंडस म्हणून त्यात देवनागरी असेलच असे नाही, हेही बघून घ्या. 'श्रीखंड' या नावावरून फसायला होते, पण त्यात गुजराती आणि रोमन अक्षरे आहेत, देवनागरी नाहीत. रोमन लिपीतले 'कूपर ब्लॅक' किंवा 'लॉब्स्टर' पाहून 'असेच मराठीत हवे' असे वाटले, तर जाडी आणि टोकांची गोलाई जुळणारा देवनागरी फॉन्ट शोधा. वळणे जशीच्या तशी जुळवू नका, दोन्ही लिप्यांचा तोल वेगळा आहे.

आता जाडीचा आणखी एक सापळा. बरेच डिस्प्ले फॉन्ट एकाच वजनात, म्हणजे एकाच जाडीत मिळतात. त्यांना 'बी' बटण दाबून बोल्ड केले की सॉफ्टवेअर अक्षराच्या कडा सरसकट फुगवते आणि उरलीसुरली फटही बुजते. वेबवर हे न सांगता घडते. मुख्य शीर्षकाला ब्राउझर आपणहून बोल्ड लावतो. फॉन्टमध्ये बोल्ड नसला की तो खोटा बोल्ड तयार करतो. शीर्षकाचे वजन ४०० असे स्पष्ट लिहिले की हा त्रास जातो. वेगवेगळ्या जाडी खरोखर हव्या असतील तर त्या ज्यात आखलेल्या आहेत असाच फॉन्ट घ्या. मूळ 'बालू' एका वजनाचा होता, 'बालू २'मध्ये रेग्युलर ते एक्स्ट्रा बोल्ड अशी पाच वजने आहेत. खोटे तिरके अक्षरही टाळा. देवनागरीत ते खेळकर दिसत नाही, कलंडलेले दिसते.

शीर्षक खेळकर करायला म्हणून पुढे जे उद्योग केले जातात, त्यांतले बरेचसे रोमन लिपीतून जसेच्या तसे उचललेले असतात आणि शिरोरेषेपाशी अडकतात. अक्षरे खालीवर नाचवणे हा पहिला. रोमन अक्षरे सुटी असतात, म्हणून ती उड्या मारू शकतात. देवनागरीत एक अक्षर वर सरकवले की शिरोरेषेला पायरी पडते आणि शब्द मोडल्यासारखा दिसतो. नाच हवाच असेल तर अख्खा शब्द ३ ते ५ अंश कलता करा, किंवा दोन-तीन शब्दांचे शीर्षक असेल तर शब्द एकमेकांच्या वर-खाली ठेवा. शिरोरेषा नसलेला किंवा तुटक शिरोरेषेचा फॉन्ट असेल तर अक्षरे हलवता येतात, पण तेव्हाही अक्षर पूर्ण हलवा. 'कि'मधली वेलांटी 'क'पासून किंवा 'र्पा'मधला रफार 'पा'पासून वेगळा पडता कामा नये. प्रत्येक अक्षराला वेगळा रंग देतानाही हाच नियम.

अक्षरांमधले अंतर वाढवणे हा दुसरा उद्योग. ट्रॅकिंग वाढवले की शिरोरेषेत खंड पडतात. थोडे वाढवले तर ती चूक वाटते, जास्त वाढवले तर एका शब्दाचे चार शब्द होतात. ट्रॅकिंग शून्यच ठेवा. शीर्षक रुंद हवे असेल तर आकार वाढवा. शब्दांमधले अंतर मात्र जाड फॉन्टमध्ये थोडे वाढवलेले चालते, कारण जाड शिरोरेषा शेजारच्या शब्दाला चिकटल्यासारखी वाटते.

कमानीवर शब्द बसवताना काय होते ते समजून घेतले तर उपायही सुचतो. कमानीवर अक्षराचा पाय वर्तुळावर टेकतो आणि डोकी पंख्यासारखी फाकतात. देवनागरीची जोडणी डोक्यावर आहे, त्यामुळे नेमकी शिरोरेषाच उघडते आणि पाचरीसारख्या फटी दिसतात. कमान जितकी आवळ, फटी तितक्या मोठ्या. मार्ग दोन. कमानीची त्रिज्या मोठी घ्या, म्हणजे वाक अगदी हलका येईल. नाहीतर शब्द वाटेवर बसवण्याऐवजी एन्व्हलप किंवा वार्पने अख्खा वाकवा. वार्पमध्ये शिरोरेषा अखंड राहते, कडेची अक्षरे थोडी ताणली जातात, आणि गुबगुबीत फॉन्टमध्ये तो ताण खपून जातो.

बाह्यरेषा, म्हणजे स्ट्रोक, हा मुलांच्या पुस्तकांत सर्रास दिसणारा उद्योग, आणि सगळ्यांत जास्त बिघाड तिथेच होतो. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरात किंचित शिरलेली असते, म्हणून ती सलग दिसते. स्ट्रोक लावला की प्रत्येक अक्षराची स्वतंत्र कडा रंगते आणि शिरोरेषेवर उभे सांधे उमटतात. काना आणि मात्रांच्या जोडावरही तेच. शब्दाची एक प्रत घ्या, ती कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून घ्या, आणि सगळे तुकडे एकत्र करा : कोरलमध्ये 'वेल्ड', इलस्ट्रेटरमध्ये 'युनाइट'. मग स्ट्रोक लावा. हा स्ट्रोक कडेच्या अर्धा आत आणि अर्धा बाहेर जातो, हेही लक्षात ठेवा. २ पॉइंटचा स्ट्रोक फटीच्या दोन्ही कडांनी १-१ पॉइंट आत येतो, आणि वरच्या हिशेबातली १.०८ पॉइंटची फट तिथेच संपते. यावर उपाय म्हणजे जाड स्ट्रोक लावलेली प्रत मागे आणि बिनस्ट्रोकची प्रत तिच्यावर. फटीत मागचा रंग दिसेल, पण अक्षराचा आकार शाबूत राहील. स्ट्रोकचे कोपरे गोल ठेवा. टोकदार ठेवले तर वेलांट्यांच्या टोकांना काटे फुटतात.

या सगळ्यांतला एकच उद्योग एका शीर्षकात करा, असे मी आग्रहाने सांगेन. जाडी, स्ट्रोक, सावली, कमान आणि रंग एकत्र आले की ज्या वळणासाठी फॉन्ट निवडला ते वळणच दिसेनासे होते. सावली हवी तर ती एकसंध रंगाची आणि एका बाजूला सरकवलेली बरी. धूसर सावली फटींमध्ये साचून त्या मळक्या करते.

ओळींच्या अंतराबद्दल. देवनागरीत ओळीच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांची शेपटे येतात. दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर आपटतो. सॉफ्टवेअरचा आपोआप येणारा आकडा इथे क्वचितच बरोबर असतो. डिस्प्ले शीर्षकाला आकाराच्या ११० ते १३० टक्के अंतर घेऊन सुरुवात करा आणि मग त्या दोन ओळींतली खरी अक्षरे बघून ठरवा. कधी कधी शब्द दुसऱ्या ओळीवर ढकलला की टक्कर आपोआप टळते. मजकुराला मात्र मोकळेपणा हवा, १५० टक्के किंवा त्याहून थोडे जास्त.

तर तुमच्या पुस्तकाची मांडणी मी अशी करेन. मुखपृष्ठावरचे नाव सध्याच्याच फॉन्टमध्ये, ७२ पॉइंट किंवा मोठे. गोष्टींची नावेही त्यातच, पण ४८ पॉइंटच्या वर आणि शक्यतो चार शब्दांच्या आत; त्याहून लांब नावातला कळीचा एकच शब्द या फॉन्टमध्ये आणि बाकीचे साध्या फॉन्टमध्ये. गोष्टीच्या सुरुवातीचे एक मोठे अक्षर याच फॉन्टमध्ये घ्यायचा मोह होईल. देवनागरीत ते जपून करा, कारण शब्द 'स्वा' किंवा 'प्रि'ने सुरू झाला तर अक्षर अख्खे उचलावे लागते आणि शिरोरेषा तिथेच तुटते. धडाम, फुर्र, खळ्ळ असले आवाजाचे शब्द चित्रात येत असतील तर तिथे हा फॉन्ट मनमोकळा वापरा. त्याचे खरे अंगण ते आहे. चित्रांखालच्या ओळींसाठी 'बालू २'चे रेग्युलर किंवा मीडियम वजन १४ पॉइंटला पुरेसे प्रेमळ दिसते. मजकुरासाठी 'मुक्ता', 'हिंद' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांपैकी एक घ्या. नुकते वाचायला लागलेल्या मुलांसाठी १८ ते २० पॉइंट, आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी १४ ते १६. एका पुस्तकात यापेक्षा जास्त फॉन्ट नकोत. आणि मजकुराचा फॉन्ट शांत आहे म्हणून पुस्तक कंटाळवाणे होईल ही भीती सोडा. शांत मजकुराशेजारीच जाड शीर्षक जास्त जाड आणि जास्त मजेशीर वाटते.

छपाईत एक उलटी गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फिक्या कागदावर गडद अक्षर छापले की शाई पसरून फटी बुजतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर ठेवले तर फट म्हणजेच शाईची रेषा होते आणि शाई पसरली तर ती उलट ठळक होते. म्हणून गुबगुबीत फॉन्टला गडद एकरंगी पार्श्वभूमी मानवते. पण ती पार्श्वभूमी चार शायांच्या मिश्रणाची असेल तर रंग जरा सरकताच त्या बारीक रेषांना रंगीत झालर येते. शक्य तिथे एक किंवा दोन शायांत बसणारा रंग निवडा. प्रकाश फेकणाऱ्या स्क्रीनवर मात्र काळ्यावरचे पांढरे अक्षर चमकून पसरते, तिथे आकार आणखी मोठा लागतो. मुखपृष्ठावर फॉइल किंवा उठाव देणार असाल तर छापखान्याला किमान फट किती लागते ते आधी विचारा आणि वरच्याच गणिताने आकार काढा.

परवान्याकडेही बघा. 'मोदक', 'बालू', 'मुक्ता' हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात, त्यामुळे विक्रीच्या पुस्तकात वापरायला आणि पीडीएफमध्ये एम्बेड करायला, म्हणजे फाईलमध्येच सामावून द्यायला, हरकत नाही. फक्त फॉन्टची फाईलच सुटी विकता येत नाही. 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असे लिहिलेला फॉन्ट मात्र विक्रीच्या पुस्तकात चालत नाही, त्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो.

छापखान्यात फाईल देताना शीर्षके कर्व्ह करून द्या, म्हणजे तिकडे फॉन्ट नसला तरी जोडाक्षरे मोडणार नाहीत. मजकूर कर्व्ह करू नका, फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ द्या, नाहीतर ऐनवेळी सापडलेली ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त करता येणार नाही. आणि कर्व्ह करण्याआधीची फाईल वेगळ्या नावाने जपून ठेवा, पुढच्या आवृत्तीला तीच लागते.